स्टार्टअप इंडिया सीड फंड: २० लाखांच्या ग्रँटचा आमचा अनुभव

आधीच सांगतो, आम्ही या स्कीममधून पैसे घेतलेत आणि खर्चही केलेत, ऐकीव काही लिहीत नाहीये. आमची कंपनी इचलकरंजीत आहे, आम्ही दोघं पार्टनर, आणि प्रॉडक्ट म्हणजे साध्या यंत्रमागाला लावायचा एक डबा जो माग किती पिक (आडव्या धाग्याची एक फेरी म्हणजे एक पिक) चालला, कधी थांबला आणि किती वेळ थांबला हे मालकाच्या मोबाईलवर दाखवतो. कामगाराची मजुरी पिकावर असते, त्यामुळे हिशोबाचे वाद रोजचे, त्यातून ही आयडिया आली.

२०२२ मध्ये आमच्याकडे एक चालणारा आणि दोन न चालणारे डबे एवढंच होतं. बँकेत गेलो तर तारण काय ते विचारलं, तारण ठेवायला घर सोडून काही नाही. एक एंजल इन्व्हेस्टर (नव्या कंपनीत स्वतःचे पैसे घालणारे) तयार होते, १५ लाख देतो म्हणाले पण २० टक्के हिस्सा द्या. माणूस चांगला होता, त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, पण ज्या टप्प्याला प्रॉडक्ट महिनाभर तरी टिकतंय का हेच माहीत नाही तिथे कंपनीचा पाचवा भाग देऊन टाकायचा म्हणजे पुढच्या राउंडला आपल्या हातात काय राहणार? म्हणून सीड फंडाकडे वळलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही केंद्राची स्कीम, १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली, एकूण तरतूद ९४५ कोटींची. प्रोटोटाइप आणि ट्रायलसाठी २० लाखांपर्यंत ग्रँट मिळते, ती परत करायची नाही आणि त्याबदल्यात शेअरही द्यायचे नाहीत. प्रॉडक्ट बाजारात न्यायला ५० लाखांपर्यंत मिळतात पण ते कर्ज किंवा कन्व्हर्टिबल डिबेंचर (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) म्हणून. कंपनीला डीपीआयआयटीची (केंद्राचा उद्योग-व्यापार विभाग) मान्यता पाहिजे, भारतीय प्रमोटर्सचा हिस्सा किमान ५१ टक्के पाहिजे, आणि अर्ज करताना कंपनी रजिस्टर होऊन दोन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको. या दोन वर्षांच्या अटीकडे नीट बघा कारण आमच्या ओळखीतल्या दोघांचा पत्ता इथेच कट झाला, उत्साहात आधी कंपनी काढून बसले, मग नोकरी सांभाळत काम केलं, आणि दाखवण्यासारखं काही तयार झालं तोवर मुदत उलटून गेलेली. कंपनी काढायची घाई करू नका, आधी वस्तू बनवा.

आता खरी गोष्ट. पैसे दिल्लीहून थेट तुमच्या खात्यात येत नाहीत, सरकार इनक्युबेटरला (नव्या कंपन्यांना जागा, सल्ला, मदत देणारी संस्था) देतं आणि इनक्युबेटर तुम्हाला देतो, निवडही त्यांचीच कमिटी करते. अर्जात तीन इनक्युबेटर पसंतीक्रमाने भरता येतात. आम्ही पहिल्या नंबरला एकदम मोठं नाव टाकलं, तिकडून नकार आला, दुसऱ्याने प्रेझेंटेशनला बोलावलं. वीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटं एका मॅडमनी एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, खर्चीवाला यंत्रमागधारक, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा, ज्याची मजुरी पैशांत मोजतात, तो हा डबा का विकत घेईल? माझ्या पार्टनरने मामाच्या शेडमधली वही काढली, २४ मागांची, कुठला माग कधी बंद पडला ते मामीने तीन आठवडे हाताने लिहिलेलं. त्यावर सगळी चर्चा फिरली. माझ्या मते आमचं सिलेक्शन त्या वहीने झालं, आम्ही रात्र रात्र जागून केलेल्या स्लाइड्सनी नाही.

ग्रँट मंजूर झाली, हप्त्यांत मिळणार होती आणि प्रत्येक हप्त्याला माइलस्टोन. पहिला हप्ता वेळेवर आला. दुसऱ्याला मात्र आमच्या इनक्युबेटरने (नाव लिहीत नाही) चार महिने लावले, काम पूर्ण, रिपोर्ट दिलेला, पण कमिटीची मीटिंगच होईना. त्या चार महिन्यांत आमचा एकमेव इंजिनिअर मुलगा पगार थकला म्हणून सोडून गेला, त्याचा राग नाही, त्याच्या घरी आजारपण होतं, पण अशा वेळी किती असहाय्य वाटतं ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. म्हणून अर्ज करायच्या आधी त्या इनक्युबेटरमध्ये असलेल्या दोन-तीन स्टार्टअपना फोन करा आणि एवढंच विचारा की दुसरा हप्ता कधी आला. वेबसाइटवरचे फोटो बघून काही कळत नाही. आणि कुणी कन्सल्टंट ‘ग्रँट काढून देतो, दहा टक्के द्या’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा, अर्ज फुकट आहे आणि इनक्युबेटरलाही तुमच्याकडून फी घ्यायची परवानगी नाही.

पैशांचं काय केलं ते सांगतो कारण ग्रँटची किंमत मला तिथे कळली. पहिल्या डब्यात लाइट सेन्सर होता, टेबलावर झकास चालायचा. मामाच्या शेडमध्ये लावला आणि आठव्या दिवशी पिक शून्य दाखवायला लागला, उघडून बघतो तर सेन्सरवर कापसाच्या तंतूंचा अक्षरशः नमदा बसलेला, बोटाने सोलून काढावा लागला. मग क्रँक शाफ्टवर छोटं मॅग्नेट आणि समोर हॉल सेन्सर (मॅग्नेट जवळ आलं की ओळखणारा) बसवला, शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक, मध्ये धूळ आली तरी फरक पडत नाही. तरी पण शेडच्या हादऱ्याने सोल्डरिंग सुटायचं. असे पाच व्हर्जन झाले. एंजलचे पैसे असते तर दुसऱ्या व्हर्जनलाच फोन आला असता की विक्री कधी सुरू करताय. इथे आम्हाला चुकायला वेळ मिळाला.

हिशोबाचं मात्र सांभाळा. पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळून बरेच पार्ट रोखीत आणले होते, साध्या चिठ्ठीवर, ते सगळे ऑडिटला बाहेर काढले गेले आणि साधारण ४० हजार आमच्या खिशातून गेले. प्रत्येक वस्तूचं जीएसटी बिल घ्या, दुकानदार कटकट करेल तरी घ्या.

माझ्याकडून स्कीमला पाचपैकी चार. एक स्टार कापला तो यासाठी की हप्ता लांबला तर स्टार्टअपने कुठे दाद मागायची हे पहिल्या दिवशी कुणी समजावून सांगत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना याची तेवढी गरज नसेल, लॅपटॉपवर काम चालतं, पण हार्डवेअर बनवताय आणि गावाकडे आहात तर नक्की अर्ज करा, फक्त स्कीम अजून चालू आहे का आणि सध्या कुठले इनक्युबेटर अर्ज घेतायत ते आधी पोर्टलवर बघून घ्या.

५० लाखांच्या भागासाठी आम्ही अजून अर्ज केलेला नाही. अटी चांगल्या आहेत, व्याज रेपो रेटपेक्षा (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर) जास्त लावता येत नाही, प्रमोटरची गॅरंटी लागत नाही, फेडायला पाच वर्षांपर्यंत मुदत. पण आज आमचे डबे ६० मागांवर आहेत आणि त्यातल्या २४ मागांचे पैसे मामा नात्याने देतात. बाहेरचे शंभर माग स्वतःहून दर महिन्याला पैसे द्यायला लागले की मग कर्जाचं बघू असं आम्ही दोघांनी ठरवलंय.