जुनं क्रमिक पुस्तक की मॉस्कोचं?

मुलांसाठीची जुनी विज्ञानपुस्तकं जमवायची तर आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडे दोन वाटा. एक, 1 नोव्हेंबर 1956 च्या आधीची, म्हणजे हा भाग मुंबई राज्यात होता तेव्हाची मराठी क्रमिक पुस्तकं. दुसरी, मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची इंग्रजी पुस्तकं.

मीरची पुस्तकं शिलाईला पक्की, आकृत्या रेखीव. 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि हा ओघ आटला, तरी पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात शोधली तर अजून हाती लागतात.

क्रमिक पुस्तक मात्र इथल्याच एखाद्या माळ्यावरच्या ट्रंकेत असतं. किंमत आण्यांत छापलेली दिसली की ते बहुधा 1957 च्या आधीचं, कारण त्या वर्षी 1 एप्रिलपासून नवे पैसे आले. आत मापं इंच-पौंडांत, तापमान फॅरनहाइटमध्ये. माझ्याकडच्या एका प्रतीत समासात कुणा मुलाने पेन्सिलीने हातपंप काढलाय, झडपांसकट! ते पान मी कितीदा उघडतो. कागद पिवळा, कडेला तुटतो, खानापूरच्या पावसात कसर लागते. म्हणून दिवाळीत प्रत्येक पुस्तक सावलीत वाऱ्यावर ठेवावं लागतं.

माझी पसंती क्रमिक पुस्तकालाच. घर पाडायला काढलं, की आधी माळा बघू द्या म्हणून सांगून ठेवलंय.