उलटा सूएट फीडर: बर्फ पडत असेल तर बिनधास्त विकत घ्या

आम्ही विस्कॉन्सिनमधे मॅडिसनला राहतो, म्हणजे डिसेंबर ते मार्च मागचं अंगण पांढरंशुभ्र आणि पारा कधी कधी उणे वीसच्याही खाली, त्यामुळे ज्यांच्याकडे खरंच बर्फ टिकतो त्यांनीच हे वाचा. सूएट फीडर म्हणजे पक्ष्यांना चरबीची वडी खायला टांगून ठेवायचा जाळीचा पिंजरा. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण तीन-चार जण सेम डिझाइन विकतात, रीसायकल्ड प्लॅस्टिकचं छोटं छप्पर आणि खाली तारेची जाळी, किंमत वीस-पंचवीस डॉलर. चरबीची चौकोनी वडी आत बसते आणि पक्ष्याला ती फक्त खालून, उलटं लटकूनच खाता येते.

उलटं कशाला, तर स्टारलिंगसाठी. हे आपल्या साळुंकीचे भाऊबंद, 1890 मधे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधे साठेक सोडले होते, आता अख्खा देश व्यापलाय. साधा पिंजरा लावला की यांचा थवा उतरतो आणि बघता बघता वडी फस्त, बाकीचे बिचारे फांदीवर बसून बघत राहतात. स्टारलिंगला उलटं लटकणं जमत नाही, म्हणजे एखादा फडफडत चोच मारून जातो पण टिकत नाही. सुतारपक्षी आणि नटहॅच, चिकडी हे इथले छोटे पक्षी, यांचा मात्र तो रोजचाच खेळ. डाउनी जातीचा सुतारपक्षी आधी छपरावर बसतो, इकडे तिकडे मान वळवतो, मग कडेवरून सरकत खाली जातो आणि पोट आकाशाकडे करून टकटक सुरू. नराच्या मानेमागचा लाल ठिपका किचनच्या खिडकीतून अगदी स्पष्ट दिसतो, पोरं ब्रेकफास्ट सोडून बघत बसतात.

आता याची खरंच गरज आहे का असं बऱ्याच जणांना वाटतं. डिसेंबरच्या शेवटी इथे जेमतेम नऊ तास उजेड असतो, तेवढ्यात पोट भरायचं आणि पुढचे पंधरा तास त्याच्यावर काढायचे. चिकडी असते अकरा ग्रॅमची! रात्री ती अंगाचं तापमान दहा-बारा अंशांनी खाली आणते आणि तरी दिवसभर कमावलेली बहुतेक चरबी सकाळपर्यंत जळून जाते, म्हणून पहाटे पहिलं खाणं चटकन मिळणं फार महत्त्वाचं. 1980 च्या दशकात आमच्याच विस्कॉन्सिनमधे चिकडींचा अभ्यास झाला होता, कडक थंडीत फीडर असलेल्या भागात 69 टक्के जगल्या आणि नसलेल्या भागात 37. हे वाचल्यापासून माझा फीडर हिवाळ्यात कधी रिकामा नसतो. आणि आपण लावलं की त्यांना सवय लागते आणि नंतर उपाशी मरतात ही भीती घालू नका मनात, अभ्यास करणाऱ्या त्याच लोकांनी नंतर फीडर काढूनही बघितले, पक्षी नीट जगले.

आता आपल्या घरातला खरा प्रश्न. सूएट म्हणजे गायी-बैलांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. सासूबाई दर हिवाळ्यात येतात, ती वडी फ्रीजमधे ठेवणं त्यांना चालणार नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नको होतं. मग मी घरीच करायला लागले. एक वाटी बिनमिठाचं पीनट बटर, एक वाटी व्हेजिटेबल शॉर्टनिंग (आपल्या डालड्यासारखं घट्ट वनस्पती तूप), दोन्ही कोमट करायचं, त्यात चार वाट्या मक्याचं जाडसर पीठ आणि मूठभर दाण्याचं कूट, चौकोनी डब्यात थापून फ्रीझरमधे. मीठ, साखर, गूळ काही नाही. आणि भज्यांचं उरलेलं तेल तर अजिबात नाही, ते पिसांना चिकटतं आणि पिसं चिकटली की ऊब गेली. कूट भाजताना सासूबाई स्वतः उभ्या असतात आता, त्यांच्या चिमण्यांचा डबा म्हणतात त्याला. थंडीत ही वडी दगडासारखी टिकते, एप्रिलनंतर मात्र मऊ पडते तेव्हा काढून ठेवा.

तक्रारी आहेत. जाळीचा खटका इतका बारीक आहे की ग्लव्ज घालून उघडतच नाही, उघड्या बोटांनी त्या थंडीत ते करणं म्हणजे शिक्षा. सोबत येणारी साखळी फालतू, वाऱ्यात तुटली, मी हार्डवेअरमधून जाड आणून लावली. आणि खारी! त्यांना उलटं-सुलटं सगळं सारखंच. खांबाला खालून बॅफल, म्हणजे खारींना वर चढू न देणारा अडसर, लावा आणि झाडापासून दहा फूट तरी लांब ठेवा. खिडकीजवळ लावायचा तर तीन फुटांच्या आत लावा, म्हणजे उडाला तरी काचेवर जोरात आपटत नाही.

फक्त हाच एक घेऊन भागणार नाही हेही सांगते. कार्डिनलला लटकता येत नाही, त्याला सूर्यफुलाच्या काळ्या बिया ट्रेमधे लागतात. जंको जमिनीवरचंच वेचतात, त्यांच्यासाठी थोडा बर्फ साफ करून पांढरी मिलेट टाका. गोल्डफिंचला कारळे, हो आपल्या चटणीतले तेच, इथे नायजर म्हणून मिळतात.

दर दोन आठवड्यांनी धुवा, नऊ भाग पाणी एक भाग ब्लीच, आणि पूर्ण वाळल्याशिवाय भरू नका.

पाचपैकी साडेचार, अर्धा त्या खटक्याचा कापला. टोरंटो किंवा न्यू जर्सीकडे कुणाला ग्लव्ज घालून उघडणारं मॉडेल मिळालं असेल तर प्लीज सांगा.