डिझेल ट्रकला ब्लॉक हीटर: अख्खा हिवाळा वापरल्यावर

पारा उणे १५ च्या खाली गेला की माझा ट्रक सेल मारल्यावर जड जड फिरायचा, पेटला तरी पांढरा धूर आणि नुसता खडखडाट. डिझेलला स्पार्क नसतो ना, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच पेटतं, आणि ती उष्णता गारठलेला ब्लॉक (इंजिनाचा मुख्य धातूचा सांगाडा) खाऊन टाकतो, वर ऑइल घट्ट आणि उणे १८ ला बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास उतरलेली.

ब्लॉक हीटर म्हणजे कुलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात) बुडालेली, विजेवर तापणारी कॉइल, माझी १००० वॅटची आहे, कोअर प्लगच्या, म्हणजे ब्लॉकमधलं भोक बंद करणाऱ्या धातूच्या बुचाच्या जागी बसलीय. आता गाडी लगेच पकडते हे तर आहेच, पण मला जास्त आवडलं ते पुढचं: धूर जवळजवळ नाही, आयडलिंगवर ताटकळत बसणं नाही आणि केबिनमध्ये गरम हवा खूप लवकर येते.

टायमर मात्र घ्याच!! रात्रभर लावून ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण काही तासांनी ब्लॉक जेवढी उष्णता घेतो तेवढीच बाहेर टाकायला लागतो. निघायच्या ३ तास आधी चालू केला की ३ युनिटमध्ये काम होतं, १० तास ठेवला तर १० युनिट जातात आणि फरक काहीच पडत नाही. एक्स्टेंशन बाहेर वापरायची, जाड आणि अर्थिंगवाली हवी, पिन हाताला चटका देत असेल तर ती वायर बदला.

एक गोष्ट नीट समजून घ्या, हा ऑइल थेट तापवत नाही. सकाळी हेड हाताला मस्त कोमट लागतं पण डिपस्टिक काढली की ऑइल मधासारखं सावकाश ओघळतं, म्हणून कंपनीला चालत असेल तर हिवाळ्यात 5W ग्रेडच (थंडीतही पातळ राहणारं ऑइल) भरा. आणि डिझेल गोठण्यावर तर याचा काडीचा उपयोग नाही, टाकी आणि फिल्टर थंडच राहतात, डिझेलने मेण धरलं की फिल्टर चोक. विंटर डिझेल किंवा अँटी-जेल (डिझेल गोठू नये म्हणून त्यात मिसळायचं द्रव) थंडी पडायच्या आधीच टाकायचं, गोठल्यावर नाही.

बसवून घेताना मेकॅनिककडून कुलंटमधली हवा पूर्ण काढून घ्या, कॉइल हवेत राहिली की जळलीच समजा. नंतर शंका आली तर पिन काढून मल्टीमीटर लावा, २३० व्होल्टच्या १००० वॅट कॉइलला साधारण ५३ ओहम दाखवायला हवेत, काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा तिची वायर तुटलेली असते, आधी वायर बघा, ती स्वस्तात बदलते.