हवाई अंतर काढायची फुकट साईट: किलोमीटरला पाच स्टार, वेळेला एकच

अमळनेरला भूगोलाचे क्लास घेतो त्यामुळे अशी साईट लागतेच. दोन गावं टाकायची, हवाई अंतर बघायचं, बस. लॉगिन मागत नाही हे बरंय, जाहिराती मात्र मरणाच्या, मोबाईलवर निम्मी स्क्रीन त्यांनीच खाल्लेली.

आता मुंबई-दिल्ली टाकून कोणीपण तपासेल. मी थेट कॅनडाच्या वरच्या टोकाला गेलो, नुनावुतमधली रेझोल्यूट आणि ग्रीस फियॉर्ड. ग्रीस फियॉर्ड म्हणजे लष्करी तळ वगैरे सोडले तर कॅनडातली सगळ्यात उत्तरेची वस्ती, 2021 च्या जनगणनेत 144 माणसं. आपल्याकडे भरीत पार्टीला याहून जास्त जमतात.

साईटने दाखवलं साधारण 385 किमी, मी कॅल्क्युलेटर घेऊन ताडून पाहिलं, बरोबर आहे. इथे मानलं भो, कारण तिकडे चुकायला लई वाव आहे. दोन्ही गावांच्या रेखांशात 12 अंशांचा फरक, म्हणजे आपल्या जळगावच्या अक्षांशावर जवळजवळ 1250 किमी झाले असते, पण 75-76 अंश उत्तरेला रेखांश एकमेकांच्या इतके जवळ येतात की तेच 12 अंश 335 किमीच्या आतच आटोपतात. पृथ्वी सपाट धरून गणित करणारं ॲप तिथे तोंडावर पडतं. नकाशावर रेष जरा वाकडी दिसते तर पोरं विचारतात सर विमान भरकटलं का, अरे तोच सगळ्यात जवळचा रस्ता आहे, नकाशाच ताणलेला असतो.

आणि जळगाव-मुंबई टाका, ते पण 355 च्या आसपासच येतं! फक्त आपण रात्री गाडीत बसलो की सकाळी दादर. नुनावुतच्या 25 गावांमध्ये एका गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ताच नाही, रेल्वे तर सोडाच. बरं रेझोल्यूट आणि ग्रीस फियॉर्डची माणसं तिथे हौसेने गेलेली नाहीत, 1953 आणि 1955 ला सरकारनेच बरीचशी इनुइट (उत्तरेकडचे मूळ रहिवासी) कुटुंबं कॅनडाच्याच क्विबेक प्रांतातल्या इनुकजुआकहून नेऊन तिथे वसवली, माफी मागायला 2010 उजाडलं. इनुकजुआक ते ग्रीस फियॉर्ड टाकून बघा, 2000 किमी येतं. हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहितोच.

आता शिव्या. रेझोल्यूट-ग्रीस फियॉर्डच्या अंतराखाली 'फ्लाईट टाइम' 26 मिनिटं लिहून मोकळे! सरळ ताशी 900 किमीने भागलंय. अरे ग्रीस फियॉर्डला मोठं जेट कुठून उतरणार, खडीची आखूड धावपट्टी, बाजूला डोंगर, 19 सीटचं पंख्याचं ट्विन ऑटर जातं, ते ताशी 300 च्या आतच, म्हणजे हवा चांगली असली तरी दीड तास धरा. धुकं किंवा वादळ असलं की बसा वाट बघत.

आपल्या भागासाठी पण सांभाळूनच. शिरपूर टाकलं की वाशिमचं उघडतं, आपलं धुळ्याचं खाली कुठेतरी. आणि धडगाव-तोरणमाळचं हवाई अंतर बघून कोणी डिझेल भरू नका, सातपुड्यातली वळणं त्यात नसतात.

गावाच्या नावाऐवजी विमानतळाचा कोड टाकला तर घोळ होत नाही, रेझोल्यूटचा वायआरबी, ग्रीस फियॉर्डचा वायजीझेड, जळगावचा जेएलजी.