इपॉक्सीवर काय लावाल: व्हार्निश, ऑइल पेंट की टू-पॅक पीयू?

मरीन प्लायच्या (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडच्या) होडीवर इपॉक्सी, म्हणजे हार्डनर कालवून लावायची रेझिन, चढली की ती अशी चमकते की काम झालं असंच वाटतं. पण इपॉक्सी पाणी अडवते, ऊन नाही सोसत. काही महिन्यांत पिवळी, मग पांढुरकी होऊन भुकटी सुटते. वर काहीतरी लावावंच लागतं.

माझा कौल आधीच सांगतो. होडी छपराखाली राहणार असेल तर डेकला (वरच्या फळीला) व्हार्निश, बाकी सगळीकडे टू-पॅक पीयू, म्हणजे दोन डबे कालवून लावायचा पॉलियुरेथेन रंग. कोकणच्या उन्हात उघड्यावर राहणार असेल तर व्हार्निशचा मोह सोडा. लाकडाचे रेषे सुंदर दिसतात, पण यूव्ही रोखणाऱ्या मरीन व्हार्निशचे पाच-सहा हात लागतात, आणि उन्हातल्या होडीला बहुतेक दरवर्षी घासून नवा हात. शिवाय इपॉक्सीचा प्रत्येक ओघळ खालून डोकावतो.

ऑइल पेंट स्वस्त, नाक्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळतो, खरचटलं तर डागडुजीही सोपी. खोड एकच: इपॉक्सीच्या हार्डनरमधल्या अमाइन या रसायनामुळे काही ऑइल पेंट वाळतच नाहीत, चिकट राहतात. आधी तुकड्यावर लावून बघा.

पीयू टणक, चमक टिकाऊ. महाग आहे, कालवल्यावर काही तासांत संपवावा लागतो. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट हे रसायन फुफ्फुसांना घातक, म्हणून घरी स्प्रे नकोच. मोकळ्या हवेत ब्रश-रोलरने लावा, तेही वाफा अडवणाऱ्या योग्य कार्ट्रिजचा मास्क घालून. रंग मात्र फिकट घ्या. गडद रंग उन्हात इतका तापतो की साधी इपॉक्सी मऊ पडून तिच्यातल्या ग्लास-क्लॉथची (काचेच्या धाग्यांच्या कापडाची) वीण वर उमटते.

तिन्हींची खरी परीक्षा आधीच्या घासकामात. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्यात विरघळतो, थिनरने पुसलात तर नुसता पसरतो. म्हणून सँडपेपर हातात घेण्याआधी साधं पाणी आणि हिरवा स्क्रबर. नाहीतर पेपर लगेच चोंदतो. मग उंचवट्यांना 80 नंबर, रंगाखाली 120 ते 180, व्हार्निशखाली 220. बॅटरीचा उजेड तिरका पाडा: चकाकणारा ठिपका दिसला तर तिथे पेपर पोचलेला नाही, रंग धरणार नाही. कापडाचे धागे दिसले तर उलट, घासणं थांबवा आणि इपॉक्सीचा आणखी एक हात द्या. आणि हे सगळं इपॉक्सी आठवडाभर मुरल्यावरच. कच्च्या इपॉक्सीची धूळ अंगावर बसली की खाज सुटते, आणि एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा कायमची.