रिझॉल्व्हचे मायक्रो कलर पॅनेल: राजारामपुरीतल्या ग्रेडिंगच्या खोलीतून

ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने २०२४ साली बाजारात आणलेले मायक्रो कलर पॅनेल, म्हणजे रिझॉल्व्ह या संकलन आणि रंग लावण्याच्या (ग्रेडिंगच्या) सॉफ्टवेअरसाठीचा नियंत्रण-फलक, गेले वर्षभर कोल्हापुरात माझ्या टेबलावर आहे. संकलकाने पिक्चर लॉक केल्यानंतर, म्हणजे शॉटांचा क्रम आणि लांबी पक्की केल्यानंतर, मूळ फुटेज जुळवणे, रंग लावणे आणि शेवटची फाइल तयार करून देणे हे माझे काम. त्यात लघुपट असतात, गुजरीतल्या सराफांच्या जाहिराती असतात, माहितीपट असतात आणि हंगामात लग्नेही असतात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या स्टुडिओत बसणाऱ्यांसाठी हा मजकूर नाही. एका खोलीत, एका संगणकावर हेच काम करणाऱ्या आणि पॅनेल घ्यावे की नाही या विचारात असलेल्यांसाठी आहे.

पॅनेलवर तीन ट्रॅकबॉल, प्रत्येकाभोवती फिरणारी एक कडी, वरच्या बाजूला बारा नॉब आणि उरलेल्या जागेत बटणे आहेत. डावा गोळा लिफ्टचा, मधला गामाचा, उजवा गेनचा. ढोबळमानाने सांगायचे तर सावल्या, मधला भाग आणि उजेड. गोळा फिरवला की रंगाचा तोल सरकतो, कडी फिरवली की उजळपणा बदलतो. नॉबांवर कॉन्ट्रास्ट, पिव्हट, सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता), ह्यू (रंगाची छटा), शॅडोज, हायलाइट्स अशी रोजच्या वापरातली नियंत्रणे आहेत. जोडणी यूएसबी-सीने किंवा ब्लूटूथने होते, आणि मागे आयपॅड उभा करण्यासाठी एक खाच आहे. माझ्याकडे आयपॅड नसल्याने त्या खाचेत मी शॉटच्या नोंदींची वही ठेवतो.

अशा पॅनेलने काम झटपट होते असे सगळेच सांगतात. माझ्या मते त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. लिफ्ट, गामा आणि गेन या तिघांच्या हद्दी एकमेकींत मिसळलेल्या असतात. माऊसने आधी सावल्यांतला निळा काढावा, मग उजेडात थोडी ऊब घालावी, तर त्या उबेने सावल्या पुन्हा ढळलेल्या असतात आणि परत मागे यावे लागते. दोन गोळे दोन हातांनी एकाच वेळी हलवता आले की ही ये-जा संपते, आणि मुख्य म्हणजे नजर चित्रावरून हटत नाही. डोळा एखाद्या चुकीच्या रंगाला काही सेकंदांतच सरावतो आणि मग तोच बरोबर वाटू लागतो. म्हणून निर्णय डोळा सरावण्यापूर्वी होणे याला आमच्या कामात फार मोल आहे.

याचा सर्वांत चांगला अनुभव शहरातल्या एका तालमीवरच्या माहितीपटाच्या वेळी आला. तांबड्या मातीत लोळलेला पैलवान हा कलरिस्टसाठी अवघड विषय आहे, कारण व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे चित्रातल्या रंगछटा दाखवणाऱ्या आलेखावर, मानवी त्वचेसाठी जी रेषा मानली जाते तिच्या आसपासच ती मातीही येऊन बसते. क्वालिफायरने (ठरावीक रंगाचा भाग निवडणाऱ्या साधनाने) त्वचा निवडायला जावे तर हौद्यातली, म्हणजे आखाड्यातली, माती बरोबर येते, आणि माती निवडावी तर पैलवानाची पाठ येते. मी माती जरा जास्तच लाल केली होती, कारण पडद्यावर ती देखणी दिसत होती. तालमीचे वस्ताद एका संध्याकाळी बघायला आले आणि दोनच मिनिटांत म्हणाले, ‘‘एवढी लाल नसते ती माती. हळद, ताक, तेल पडलेलं असतंय तिच्यात.’’ मी काही न बोलता मधला गोळा पिवळ्याकडे नेत गेलो आणि उजव्या हाताने सॅच्युरेशन उतरवत गेलो. वस्तादांनी ‘‘हां, आता थांब’’ म्हटले तिथे थांबलो. माऊसने हे झाले नसते असे नाही. पण आपल्याकडचा निर्माता आणि पाहुणा खुर्ची ओढून शेजारी बसतो. त्याच्या शब्दाबरोबर चित्र हलले की तो नेमके बोलू लागतो, एरवी ‘‘जरा उठाव द्या की’’ याच्या पुढे जात नाही.

हळदीच्या कार्यक्रमालाही पॅनेल असेच उपयोगी पडते. कॅमेऱ्याच्या किंवा सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित तोलावर भिस्त ठेवली तर तो पिवळा हा दोष समजून काढून टाकतो आणि नवरीच्या अंगावरची हळद धुतल्यासारखी दिसते. तिथे हाताने, थोडे थोडे करूनच जावे लागते.

आता मर्यादा. कर्व्ह (उजेड आणि रंग वळणरेषेने बदलण्याचे साधन), क्वालिफायर आणि विंडो (चित्राच्या एका भागाभोवती आखायची चौकट) यांच्यासाठी या पॅनेलवर स्वतंत्र नॉब नाहीत. वर सांगितलेल्या तालमीच्या कामात पैलवानाभोवती विंडो काढून ती ट्रॅक करण्यात, म्हणजे त्याच्या हालचालीबरोबर सरकवण्यात, जो वेळ गेला तो सगळा माऊसवर गेला. पॅनेलला स्वतःचा पडदा नाही, त्यामुळे एखादा आकडा पाहायचा झाला तर नजर संगणकाकडेच न्यावी लागते. ते केवळ रिझॉल्व्हबरोबर चालते. प्रीमियर किंवा फायनल कटवर रंग लावणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. फिनिशिंगमध्ये, म्हणजे शेवटची फाइल तयार करण्याच्या कामात, तर ते जवळजवळ मुकेच राहते. एक्सएमएल (संकलनाच्या नोंदींची फाइल) आणून मूळ फुटेज जोडणे, प्रॉक्सीवर (हलक्या प्रतीवर) केलेले रीफ्रेम (चौकटीतले बदल) आणि वेग बदललेले शॉट एकेक करून तपासणे, श्रेयनामावलीतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारणे, शेवटची फाइल पहिल्या फ्रेमपासून अखेरपर्यंत बसून पाहणे, हे सारे कळफलकाचे आणि चिकाटीचे काम आहे. माझ्या आठवड्यातले निम्म्याहून अधिक दिवस त्यातच जातात आणि तेवढे दिवस पॅनेल टेबलाच्या कडेला सरकवलेले असते.

खर्चाच्या क्रमाबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. माझा पहिला लघुपट मी भर दुपारी, खिडकी उघडी ठेवून लॅपटॉपवर ग्रेड केला होता. उजेडात काळोखातले तपशील दिसेनात म्हणून सावल्या उचलत गेलो. अंधाऱ्या प्रेक्षागृहात त्याच सावल्या राखाडी धुरासारख्या दिसल्या. चूक सर्वस्वी माझी होती, आणि कुठल्याही पॅनेलने ती टळली नसती. आधी करड्या भिंती, जाड पडदे आणि मॉनिटरच्या मागे ६५०० केल्विनचा मंद दिवा. मग रेक ७०९ (टीव्हीसाठीचे रंगाचे प्रमाण), गामा २.४ (इथे गामा म्हणजे पडद्याची उजेडाची चढण) आणि १०० निट्स (उजेडाचे एकक) यांवर कॅलिब्रेट केलेला मॉनिटर, आणि त्याला स्वच्छ सिग्नल देणारे व्हिडिओ आउटपुट कार्ड, म्हणजे संगणकाची स्वतःची रंगव्यवस्था मध्ये ढवळाढवळ करत नाही. त्यानंतर २९५ डॉलरची रिझॉल्व्ह स्टुडिओ. रात्रीच्या वरातीतला नॉइज काढण्याची सोय मोफत आवृत्तीत नाही. पॅनेल त्याच्याही नंतर. चित्रगृहासाठी काम करायचे झाले तर गणित पुन्हा बदलते, कारण तिथे पी३ हे अधिक विस्तृत रंगक्षेत्र, गामा २.६ आणि पडद्यावर ४८ निट्स एवढाच उजेड असतो.

याच कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३च्या सुमारास ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करण्यासाठी जर्मनीला पाठवला होता आणि तिथून रंग मनासारखे उतरून आले नव्हते. ‘आता थांब’ म्हणायला तिथे शेजारी कोणी बसलेले नव्हते, असे मला उगीचच वाटत राहते.

बाजारात आले तेव्हा या पॅनेलची किंमत ५०९ डॉलर होती. आपल्याकडे कर धरून ती वाढते. याच कंपनीच्या मिनी पॅनेलवर दोन पडदे आणि बरीच जादा नियंत्रणे आहेत, परंतु ते कितीतरी महाग आहे आणि माझ्या टेबलावर त्याला जागाही नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस निव्वळ ग्रेडिंग करत असाल आणि गिऱ्हाईक शेजारी बसत असेल, तर मायक्रो जरूर घ्यावे. पहिले पंधरा दिवस हात चुकतील, बटणे पाहून दाबावी लागतील. त्या काळात घाईचे काम हाती घेऊ नये.