आर्थर सीट की कोकणकडा? फोटोसाठी निघण्यापूर्वी

खाली कोकण, समोर मावळता सूर्य आणि मध्ये सह्याद्रीची तुटलेली धार, हे दोन्हीकडे मिळतं. निवड करायची ती बरोबर कोण आहे हे बघून.

घरातली वडीलधारी किंवा लहान मुलं असतील तर सरळ महाबळेश्वरचं आर्थर सीट. गावापासून बारा-तेरा किलोमीटर, गाडी पॉइंटजवळ जाते, पुढे थोडं चालणं आणि कठडे. इथे खरा त्रास गर्दीचा. सुट्टीच्या दिवशी एकच कुटुंब कठडा अडवून पोझवर पोझ देतं आणि मागचे ताटकळतात. दोन-तीन फोटो घ्या, बाजूला व्हा. पोराला कठड्यावर बसवून ‘इकडे बघ’ म्हणणारे बाबाही हमखास भेटतात. तेवढं मात्र करू नका. माकडांसमोर खायचं काही हातात धरून सेल्फी काढायला गेलात, तर खाऊ जातोच, ओरखडेही पडतात. दरीतला वारा हलकी टोपणं वर फेकतो म्हणून ती टाकत व्हिडिओ काढायची इथे जुनी हौस आहे. पण सगळी टोपणं काही परत येत नाहीत.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पायांची परीक्षा घेतो. त्यातल्या त्यात सोपी वाट पायथ्याच्या पाचनई गावातून येणारी, तीही दोन-तीन तासांची. कडा अर्धगोल आणि आत वळलेला. त्यामुळे अगदी काठावर उभं राहिलं तरी पायाखालचा कडा दिसत नाही, धोकाही तोच. कड्याचा बाक हवा असेल तर टोकाच्या बाजूला जाऊन, काठापासून मागे राहून, समोरची कमान टिपा. पलीकडची माणसं मुंगीएवढी दिसतात आणि उंची आपोआप कळते.

माणसाचा फोटो हवा असेल तर त्याला काठापासून दहा-बारा फूट आत थांबवा. स्वतः त्याच्याही मागे जा, खाली बसा, मोबाईल जमिनीलगत धरा. मधली जमीन दबून जाते आणि माणूस थेट दरीवर उभा असल्यासारखा वाटतो. ‘अजून एक पाऊल मागे’ हे वाक्य कड्यावर कोणीच उच्चारू नये.

पावसाळ्यात दोन्हीकडे धुकं. आर्थर सीटला समोर नुसता पांढरा पडदा, कोकणकड्यावर तर काठच दिसत नाही आणि गवत निसरडं. कोकणकड्याचं इंद्रवज्र, म्हणजे ढगावर पडलेल्या आपल्या सावलीभोवतीचं गोल इंद्रधनुष्य, कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने पाहिल्याची नोंद आहे. त्यासाठी सूर्य पाठीशी आणि ढग समोर खाली लागतो. कडा पश्चिमेला, म्हणजे सकाळी बघा. संध्याकाळी त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

ड्रोन असेल तर गड अभयारण्यात येतो हे ध्यानात असू द्या, वनखात्याची परवानगी लागते. स्पीकरही घरीच ठेवा.

मला विचाराल तर कोकणकडाच, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी. आणि सूर्यास्त टिपायचाच असेल तर गडावर मुक्काम धरूनच निघा, कारण सूर्य बुडाल्यावर पाचनईची वाट अंधारात उतरावी लागते. मुक्काम जमणार नसेल तर सूर्यास्तासाठी महाबळेश्वर बरं.